आईचें घर आणि मुलांची घाई

आई-वडिलांचें घर विकावें कीं राखावें, हा प्रश्न आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत नवा नाहीं. पण २०२० सालच्या टाळेबंदींत तो ज्या रीतीनें विचारला गेला आणि ज्या रीतीनें सोडविण्यांत आला, ती रीत मात्र नवी होती. आणि ती महामारीबरोबर गेली नाहीं, घरोघर राहून गेली आहे. म्हणून इतक्या वर्षांनींहि तिचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. "त्या वेळीं विकून टाकलें म्हणून सुटलों" असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ अजून भेटतात आणि ऐकणारे मान डोलावितात. सुटलें कोण, हें कोणी विचारीत नाहीं.

या विषयावर बोलणारांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष व्यवहारपंथी. त्याचें म्हणणें असें कीं, घर म्हणजे विटा, लोखंड आणि सिमेंट. आई एकटी, मुलें परगांवीं. देखभाल कोणीं करावयाची? साथींत एखाद्या रात्रीं कांहीं झालें तर दार फोडावें लागेल. तेव्हां बरें गिऱ्हाईक आहे तोंच विकावें आणि आईला आपल्याकडे आणावें. दुसरा पक्ष वास्तुभक्तांचा. त्यांच्या मतें वाडवडिलांची वास्तु विकणें म्हणजे कुळाचा दिवा मालविणें. मग त्या वास्तूंत राहणारें कोणी असो वा नसो. हे दोन पक्ष एकमेकांशीं कडाक्यानें भांडतात खरे, पण त्यांच्या साऱ्या बोलण्यांतून एक माणूस गळालेलें असतें, आणि तें त्या वेळीं त्याच घरांत राहत असतें.

टाळेबंदीचा काळ वाचकांच्या स्मरणांत आहेच. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. परदेशांची नियमित विमानसेवा त्याच्या दोन दिवस आधीं थांबली ती २०२२ च्या मार्चअखेर पूर्ववत् झाली. मधल्या काळांत विशेष विमानें होतीं, पण त्यांतून येणें सर्वांच्या आवांक्यांतलें नव्हतें. एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत जावयाचें तर आमच्या राज्यांत ई-पास लागे; तो सप्टेंबर २०२० च्या आरंभीं रद्द झाला. अंत्ययात्रेस वीसांहून अधिक माणसें नकोत असा नियम होता. म्हणजे ज्या दिवसांत सख्ख्या मुलास बापाच्या दहनास पोंचतां येईना, त्याच दिवसांत बापाचें घर विकण्याचे ठराव होत होते.

हे ठराव झाले मोबाइलच्या पडद्यावर. अशा बैठकी आम्हीं पाहिल्या आहेत. एकदोहोंत मध्यस्थ म्हणून बसलोंहि आहों. एक चिरंजीव अमेरिकेंत, दुसरे बंगळुरास, कन्या नाशकास, आणि आई साताऱ्यास. तिकडे रात्र तर इकडे सकाळ. आईच्या हातांतला फोन तिरपा. त्यांत छताचा पंखा आणि तिचें अर्धें कपाळ तेवढें दिसतें. "आई, फोन जरा सरळ धर" यापलीकडे तिला उद्देशून फारसें बोलणें होत नाहीं. पुढचें संभाषण भावाभावांत चालतें, आणि त्यांत चौरस फूट, दर, दलाली असे शब्द येत राहतात. दुसऱ्या खेपेस "तिला उगाच ताण नको" म्हणून तिला न जोडतांच बैठक होते. तिसऱ्या खेपेस निर्णय झालेला असतो आणि तो तिला सांगावयाचा कोणीं, एवढाच प्रश्न शिल्लक असतो. तें काम बहुधा कन्येकडे येतें.

आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं. त्या वर्षीं आम्ही स्वतः वर्ग घेतले तेहि पडद्यावरूनच. पण घर ही अशी चीज आहे कीं, तिच्यांतून हिंडल्यावांचून तिच्याविषयीं ठरवितां येत नाहीं. मागच्या बोळाची वहिवाट कोणाची, विहिरींत शेजाऱ्याचा हिस्सा आहे कीं नाहीं, मूळचें खरेदीखत कोणत्या पेटींत आहे, १९६० च्या सुमारास काकांनीं कर्जाचा हप्ता भरला होता त्याची फेड झाली कीं नाहीं, या गोष्टी घरांत वावरणाऱ्या माणसासच ठाऊक असतात. आणि तें माणूस तर ताण नको म्हणून बैठकीबाहेर ठेवलेलें!

बरें, घाई कशाची होती? महाराष्ट्र सरकारनें १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळांत स्थावराच्या खरेदीवरील मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनीं, आणि पुढें ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनीं कमी केलें. मंदावलेल्या बांधकामाच्या धंद्यास चालना मिळावी हा त्याचा हेतु होता व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पण दलालांनीं या तारखांचा असा डंका पिटला कीं, ३१ डिसेंबर टळला तर जणूं घरच हातचें जाईल, असें विकणाऱ्यासहि वाटूं लागलें. आतां हें शुल्क भरतो कोण? वेगळा करार नसेल तर आमच्या मुद्रांक कायद्याप्रमाणें तें खरेदीदारानें भरावयाचें असतें. ऐंशी लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार रुपये. ते वांचणार होते घेणाऱ्याचे. घेणाऱ्याची सवलत ही विकणाऱ्याची मुदत कशी झाली, हें कोडें आम्हांस अजून उलगडलें नाहीं. तो आपल्या बचतींतून कांहीं भाव वाढवून देईल, अशी आशा असेल तर असो; पण "महामारी आहे, दुसरें गिऱ्हाईक आणणार कोठून" असें म्हणून भाव पाडणारेच आमच्या ऐकिवांत अधिक आले. शिवाय दस्तावर सह्या झाल्यावर त्याच्या नोंदणीस कायद्यानें चार महिन्यांची मुदत असते. तेव्हां खुद्द घेणाऱ्यासहि दुय्यम निबंधकाच्या दारांत डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत, नाकावर पट्टी बांधून, रांग लावण्याचें कारण नव्हतें. ज्यांचें सारें आयुष्य आंकडेमोडींत गेलें अशा पदवीधरांस हा पांचवीच्या वर्गांतला हिशेब सुचूं नये याचें नवल वाटतें.

पण भावाचा हिशेब हा या प्रकरणाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग हक्काचा. घर आईनें किंवा वडिलांनीं स्वकष्टानें घेतलेलें असेल आणि घेणारें माणूस हयात असेल, तर त्यांत मुलांचा कवडीचाहि हिस्सा नाहीं. "पुढेंमागें आपलेंच" ही केवळ आशा आहे. आणि अशी भावी वारसाची नुसती आशा ही हस्तांतर करण्याजोगी मिळकतच नव्हे, असें १८८२ चा मालमत्ता-हस्तांतराचा कायदा स्पष्ट सांगतो. असें असतां त्या काळांत हक्कसोडपत्राचे मसुदे व्हॉट्सॲपवरून बहिणींकडे रवाना झाले. घर ज्यांच्या नांवावर ते वडील जिवंत, आणि बहिणीनें "माझा हक्क मीं राजीखुषीनें सोडला" म्हणून लिहून द्यावयाचें! जो हक्क अद्याप जन्मासच आला नाहीं तो सोडावयाचा कसा? त्या कागदाला कायद्यांत किंमत नाहीं. पण भावाला नकार देणें जड जातें म्हणून सही करणाऱ्या बहिणीच्या मनांत त्याची जी किंमत व्हावयाची ती होऊन गेली.

वाडा वडिलोपार्जित असेल तर गोष्ट निराळी. तेथें २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीची वांटेकरी ठरली. आणि त्या दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात असोत वा नसोत, तिचा हक्क अबाधित आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. म्हणजे ऐन साथींत, आणि मुद्रांकाची सवलत सुरू होण्याच्या तीन आठवडे आधीं. आमच्या परिचयांत मुद्रांकाच्या तारखा तोंडपाठ असलेले भाऊ पुष्कळ निघाले. या निकालाची तारीख सांगणारा एकहि निघाला नाहीं.

तिसरा प्रकार सर्वांत सामान्य, आणि सर्वांत अवघडहि. घर वडिलांच्या नांवें, स्वकष्टाचें, वडील मृत्युपत्र न करितां वारले, आई मागें. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें अशा घरांत आई, मुलगे आणि मुली यांचे हिस्से सारखे. तीन मुलें असलीं आणि आजी हयात नसली, तर आई चौथ्या हिश्शाची धनीण. जिनें चाळीस वर्षें त्या घराचा केर काढला, हप्त्यांसाठीं स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवल्या, तिला चौथा हिस्सा. आणि ज्यानें पंचवीस वर्षांपूर्वीं तें घर सोडलें त्यालाहि चौथा. येथें व्यवहारपंथी विजयानें म्हणतात, "तीन विरुद्ध एक." हें गणित कायद्याचें आहे आणि आम्ही तें नाकारीत नाहीं. कोणाहि हिस्सेदारास वांटप मागतां येतें हेंहि खरें. पण हिस्सा मागतां येतो म्हणून तो त्याच महिन्यांत मागावा असें कायदा कोठें सांगतो? आईचें राहतें छप्पर कायद्यानें पुरतें सांभाळलें नाहीं, हीच गोष्ट मुलांनीं तें सांभाळावें याचें कारण आहे. तिच्या उलट विषय मोडीत काढण्याचा तो परवाना नव्हे.

आमच्या आजे-पणज्यांनीं साथ पाहिली ती प्लेगची. १८९६ सालीं तो मुंबईंत शिरला आणि १८९७ सालीं त्यानें पुण्यांत कहर केला. त्याच वर्षीं साथरोगांचा जो कायदा झाला तोच मार्च २०२० मध्यें आमच्या सरकारनें पुन्हा हातीं घेतला. प्लेगांत उंदीर घरांत पडे. म्हणून लोक घराला कुलूप घालून गांवाबाहेर माळावर झोंपड्यांत जाऊन राहत आणि साथ ओसरली कीं परतत. तेव्हां घर हेंच भयाचें स्थान होतें. २०२० मध्यें प्रकार नेमका उलटा. घर हेंच काय तें सुरक्षित, असें सरकार, डॉक्टर आणि वर्तमानपत्रें एकमुखानें सांगत होतीं. "घरांतच राहा" हा घोष सकाळ-संध्याकाळ कानांवर पडत असतां, घरांत बसलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तूं हें घर सोड म्हणून सांगण्याचें धैर्य परक्यास झालें नसतें. तें तिच्या मुलांस झालें.

मुलें म्हणतात, हें तिच्या काळजीपोटीं. ती काळजी खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परदेशांत रात्र रात्र जागून आईच्या गांवचे रुग्णांचे आंकडे पाहणारे पुत्र आम्हांस माहीत आहेत. पण त्या महिन्यांत तिची काळजी वस्तुतः वाहिली कोणीं? दूधवाल्यानें पिशवी फाटकाला अडकविली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानें फोनवर यादी उतरून घेतली, सामान पायरीवर ठेवलें आणि पैसे वहींत मांडले. औषधाच्या दुकानदारास तिची रक्तदाबाची गोळी पाठ होती. कागद न मागतां त्यानें ती पाठविली. शेजारच्या मुलानें गॅसचा सिलिंडर आंत आणून जोडून दिला. समोरच्या वहिनी रोज सकाळीं खिडकींतून हांक मारीत, आणि ओ आली नाहीं तर दाराशीं येऊन उभ्या राहत. हीं सारीं माणसें त्या घराच्या पत्त्याशीं बांधलेलीं होतीं. पत्ता गेला कीं तींहि गेलीं. दलालाच्या कागदावर क्षेत्रफळ होतें, बांधकामाचें वय होतें, रस्त्याची रुंदी होती. समोरच्या वहिनींसाठीं रकाना नव्हता.

आणि तिला नेलें कोठें? चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्यें. मुलगा एका खोलींत दार लावून कचेरीचें काम करतो, सून दुसऱ्या खोलींत. नातवाची शाळा तिसऱ्या कोपऱ्यांत, कानांत बोंडें घालून. आजीनें दिवाणखान्यांत टी.व्ही.चा आवाज बारीक करून बसावें. लिफ्टची तिला धास्ती, दाराच्या कुलपाचे आंकडे लक्षांत राहत नाहींत, आणि खालीं उतरून तरी भेटावयाचें कोणास? कोणी तिच्याशीं वाईट वागत नाहीं. सकाळचा चहा तिला हातांत मिळतो. पण स्वतःच्या घरीं ती मुलांस "दिवाळीला या" म्हणे. आतां दिवाळीस कोणास बोलवावें हें तिला सुनेस विचारावें लागतें. यांत सुनेचा दोष नाहीं. तें घर सुनेचें आहे आणि तसेंच असावें. एका संसारांत दुसरा संसार मावत नाहीं, एवढी साधी गोष्ट ज्या पिढीनें लग्नानंतर सहा महिन्यांत वेगळें बिऱ्हाड केलें तिला तरी समजावयास हवी होती. विक्रीची रक्कम कोणाच्या खात्यांत गेली, हें विचारणें त्या बाईस अशिष्ट वाटतें. म्हणून ती विचारीत नाहीं. आणि न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपण होऊन देण्याची चाल आमच्यांत नाहीं.

इतकें वाचून वास्तुभक्त हुरळले असतील, तर त्यांनीं जरा थांबावें. त्यांचा पुळकाहि आम्ही ओळखून आहों. घर विकूं नका म्हणून टाहो फोडणारा हा पुत्र बहुधा त्या घरांत वर्षांतून चार दिवस राहतो. त्याला झोपाळा हवा, अंगणांतलें पारिजातक हवें, आपलीं शाळेचीं पुस्तकें माळ्यावर जशींच्या तशीं हवीं. पण पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारण्यास माणूस मिळत नाहीं, जिना चढतांना आईचे गुडघे दुखतात, आठ खोल्यांचा केर काढण्यास बाई यावयास तयार नाहीं, यांतलें कांहीं त्याच्या कानीं घातलें कीं "मी पैसे पाठवितों" म्हणून तो मोकळा होतो. आई ही आपल्या बालपणाच्या संग्रहालयाची राखणदार आहे, अशी त्याची समजूत असते. व्यवहारपंथी पुत्र आईला घराबाहेर काढतो. हा तिला घरांत कोंडतो. दोघांपैकीं कोणीहि तिला काय हवें तें विचारलेलें नसतें.

कारण तिला विकावयाचेंहि असूं शकतें. आमच्या पाहण्यांतल्या एका निवृत्त शिक्षिकेनें २०२२ च्या आरंभीं, सर्व मुलें येऊन गेल्यावर, आपलें दुमजली घर स्वतः विकलें आणि त्याच आळींत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. भाव तिनें ठरविला, गिऱ्हाईक तिनें पारखलें, आणि देव्हारा, शिवणयंत्र व एक कपाट एवढें सोडून बाकीचें सामान वांटून टाकलें. मुलगा रडला, ती रडली नाहीं. राहतें घर विकून दोन वर्षांच्या आंत दुसरें घेतलें तर नफ्यावरील करांत सूट मिळते, हेंहि तिनें आपल्या सनदी हिशेबनिसास विचारून ठेवलें होतें. दूधवाला तोच राहिला. घर विकण्यास आमचा विरोध आहे असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें. तसेंच, रुग्णालयाचें देणें भागविण्यास दुसरा मार्गच नव्हता म्हणून ज्यांनीं त्या दोन वर्षांत घरें विकलीं, त्यांस आमच्या टीकेंतला एकहि शब्द लागूं नये. बापाचा श्वास चालू राहावा म्हणून बापाचें घर गेलें, तर तें योग्य ठिकाणींच गेलें.

आमच्यावर आक्षेप येईल तो असा: "ठीक आहे, थांबलों असतों, पण दरम्यान आईचें बरेंवाईट झालें असतें तर?" तर घर वारसांकडे आलें असतें. मुलगे व मुली सारखे हिस्सेदार झाले असते, आणि प्रवास खुला झाल्यावर भावंडांनीं एकत्र येऊन, खोल्या झाडून, पेट्या उघडून, तें विकलें असतें किंवा राखलें असतें. दोन-चार लाख कमी आले असते कदाचित्. या आक्षेपांत खरी भीति नुकसानीची असते, मरणाची नसते. कारण मरणाची असती तर त्या दिवसांत तिच्याकडून कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेण्यापूर्वीं तिला लस मिळाली कीं नाहीं याची चौकशी झाली असती. आम्हांस अशीं घरें ठाऊक आहेत जेथें कागद आधीं पोंचला.

दुसरा एक आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. "आईला निर्णय घेतां येत नाहीं, ती गोंधळते, रोज नवें बोलते." कांहीं आयांच्या बाबतींत हें खरें आहे, आणि तेथें डॉक्टराचें मत घेऊन मुलांनीं भार उचलावा; घराच्या पैशाचा स्वतंत्र हिशेब तिच्या नांवें ठेवावा; घर कोणा एकास बक्षीस देण्याचा विचार असेल तर तिला अखेरपर्यंत सांभाळण्याची अट दस्तांतच स्पष्ट लिहावी, म्हणजे ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालीं तो दस्त रद्द करवितां येतो. पण गोंधळणें आणि वेळ लागणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या घरांत पन्नास वर्षें गेलीं तें सोडावें कीं नाहीं, याचें उत्तर पडद्यावर चाळीस मिनिटांत जो देऊं शकेल त्याच्याच मनाविषयीं आम्हांस शंका येईल.

ज्यांच्या घरीं हा प्रश्न अजून टांगलेला आहे त्यांनीं येत्या सुटींत गांवीं जावें. फोनवर विषय काढूं नये. भावंडें भोंवतीं नसतांना, दुपारचीं भांडीं आवरल्यावर, तिच्याजवळ बसून तिला विचारावें, आणि उत्तरास लागतील तितके दिवस राहावें. "तुम्ही म्हणाल तसें" असें ती प्रथम म्हणेलच. तें उत्तर धरूं नये.